लिहिणाऱ्या हाताचा पुतळा

मागच्या महिन्यात नाशिकच्या मुंबई नाक्यावर रिक्षा सिग्नलला थांबली होती. महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांच्या ब्राँझच्या अर्धपुतळ्यांकडे पाहत शेजारी बसलेली माझी भाची म्हणाली, “मावशी, सावित्रीबाई कवितासुद्धा करायच्या ना?” ती नववीत आहे आणि तिला हे ठाऊक आहे, याचा मला फार आनंद झाला. ‘काव्यफुले’ १८५४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा सावित्रीबाई अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. तरीही त्यांचा पुतळा दिसला की आपल्या तोंडी ‘पहिल्या शिक्षिका’ एवढेच शब्द येतात. ते शब्द खरेच आहेत आणि मोठेही आहेत. पण त्यांच्या आड एक कवयित्री दिसेनाशी होते, याची बोच मला त्या सिग्नलवर प्रथमच लागली.

नाशिक हे लेखकांना मानणारे गाव आहे. तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, नावाचे स्मारक गंगापूर रस्त्यावर आहे आणि तिथल्या कार्यक्रमांना जात माझी निम्मी हयात गेली. साहित्य संमेलनेही इथे १९४२, २००५ आणि २०२१ मध्ये झाली. अध्यक्षपदी अनुक्रमे आचार्य अत्रे, केशव मेश्राम आणि जयंत नारळीकर होते. ज्यांच्याकडे बोट दाखवून एखाद्या मुलीला ‘या बाई लिहायच्या’ असे सांगावे, असा आपल्या काळातल्या लेखिकेचा पुतळा मात्र या शहरात माझ्या पाहण्यात नाही.

या विचारात असताना मी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या माया अँजेलो यांच्या स्मारकाची हकीकत वाचून काढली. अँजेलो २०१४ साली गेल्या, म्हणजे आपल्याच काळातल्या. किशोरवयात त्या त्याच शहरात राहत होत्या आणि तिथल्या ट्रामवर कंडक्टरची नोकरी करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मानल्या जातात. शहरातल्या सार्वजनिक पुतळ्यांमध्ये स्त्रिया जवळजवळ नाहीतच, हे ध्यानात आल्यावर २०१८ साली तिथे ठराव झाला की, खऱ्याखुऱ्या व्यक्तींच्या स्मारकांपैकी किमान ३० टक्के स्मारके स्त्रियांची असावीत. अँजेलो यांच्या स्मारकासाठी लाव्हा थॉमस या शिल्पकर्तीची कल्पना निवडली गेली: सुमारे नऊ फूट उंचीचा ब्राँझचा ग्रंथ आणि त्यावर अँजेलो यांचा चेहरा. मग २०१९ साली ती निवडच मागे घेण्यात आली, कारण काहींना नेहमीच्या धाटणीचा, उभ्या माणसाचा पुतळा हवा होता. पुढे शहराच्या कला आयोगाने थॉमस यांची जाहीर माफी मागितली, काम त्यांच्याकडेच परत आले आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ते शिल्प तिथल्या मुख्य ग्रंथालयासमोर उभे राहिले.

त्या वादात थॉमस यांच्यावर अन्याय झाला, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पुरुषांना जसे घोड्यावर वा चौथऱ्यावर चढवले, तसेच स्त्रियांनाही चढवले म्हणजे हिशेब मिटला, ही समजूत मला पटत नाही. तरीसुद्धा आपल्याकडे ग्रंथाच्या आकारावर भागेल असे मला वाटत नाही. बाईचे नाव पुस्तकावर आणि बाई मात्र स्वयंपाकघरात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. म्हणून आपल्याला ती लिहिताना, देहासकट दिसली पाहिजे.

हे मनात धरून मी ओळखीच्या एका शिल्पकाराच्या कार्यशाळेत गेले. ओल्या फडक्यांत गुंडाळलेले मातीचे काम त्यांनी माझ्यासाठी उघडले. आधी माती, मातीवरून साचा, साच्यातून मेणाची प्रत, त्या प्रतीभोवती पुन्हा पक्का साचा. तो भट्टीत तापला की मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत ब्राँझ ओततात. साडीच्या निऱ्या हातवळणाच्या असतात, अवघड असतो तो हात, असे ते म्हणाले. मी माझे मधले बोट पुढे केले. नखाशेजारी पेन टेकून टेकून तयार झालेला घट्टा तिथे आहे. चाळीस वर्षे वह्या तपासल्याची ती खूण. असा घट्टा ब्राँझमध्ये उतरेल का, असे मी विचारले. त्यांनी मेणाचा एक तुकडा घेतला, कोरणीच्या टोकाने बोटाच्या कडेला कणभर मेण चढवले, अंगठ्याने दाबले आणि माझ्यासमोर धरले. घट्टा हुबेहूब उतरला होता. “उतरेल,” ते म्हणाले, “पण दहा फुटांच्या चौथऱ्यावर ठेवलात, तर तो कावळ्यांनाच दिसेल.”

म्हणून माझे मागणे चौथऱ्याशिवायच्या, बसलेल्या पुतळ्याचे आहे, आणि जागा माझ्या मते सार्वजनिक वाचनालयाजवळची असावी. हे वाचनालय, आम्हा नाशिककरांची ‘सावाना’, १८४० पासून या शहराला वाचायला शिकवत आली आहे. कोणाचा पुतळा, असे मला विचारले तर मी दुर्गाबाई भागवतांचे नाव घेईन. त्या नाशिकच्या नव्हत्या हे खरे. पण लेखिका वाचकांची असते, आणि ग्रंथालयात बसून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांना ग्रंथालयाचे दार परके कसे वाटेल? १९७५ साली कराडच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून, ऐन आणीबाणीत, त्या स्पष्ट बोलल्या आणि पुढच्या वर्षी तुरुंगात गेल्या. सरकारी मानसन्मानांपासून त्या दूर राहिल्या, त्यामुळे पुतळ्याची कल्पना त्यांना रुचली असती का, हा प्रश्न मला खरोखरच छळतो. भाचीला मी तो विचारलाही. ती म्हणाली की, पुतळा नको असेल, तर त्यांच्या शेजारी बसायला जागा तरी ठेवा.

मागणीच्या पत्रात मी ते वाक्य घातले आहे: बाक दोघींचा असावा, पुतळा एकीचा, आणि उजवा हात शेजारी बसणाऱ्या मुलीच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर.