ऑड्रे लॉर्ड यांच्या न्यूयॉर्कमध्ये एक दिवस: बोट फुकट आहे, चढ नाही

फोनच्या नकाशावर अमेरिकेतल्या काळ्या कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांचं नाव टाकलं की न्यूयॉर्कमध्ये दोन खुणा येतात: मॅनहॅटनमध्ये 'ऑड्रे लॉर्ड वे' आणि स्टेटन आयलंडवर त्यांचं घर. वाटतं, छोटंसं स्मारक असेल, दोन खोल्यांचं प्रदर्शन असेल, गेला बाजार बसायला बाक तरी असेल. यातलं काहीच नाही. पहिली खूण म्हणजे कोपऱ्यावरच्या खांबाची पाटी. दुसरी म्हणजे खाजगी घर, त्यात आज दुसरी माणसं राहतात. लॉर्ड शिकल्या त्या हंटर कॉलेजात त्यांच्यावरचा कार्यक्रम नसताना गेलात तर दिवसभराच्या पायपिटीचे दोन फोटो मिळतील. म्हणून आधी कार्यक्रमाची तारीख पक्की करा, मग तिकीट काढा. उलटं करणारे फसतात.

तारखेचं गणित असं. लॉर्ड यांचा जन्म 18 फेब्रुवारी 1934 चा, हार्लेममधला. फेब्रुवारी हा अमेरिकेत काळ्यांच्या इतिहासाचा महिना असल्यामुळे बहुतेक कार्यक्रम याच महिन्यात लागतात. निधन 17 नोव्हेंबर 1992 चं. त्या सुमारालाही थोडंफार काही असतं, पण फेब्रुवारीची सर नाही. सापळा सुट्ट्यांचा आहे. फेब्रुवारीचा तिसरा सोमवार राष्ट्राध्यक्ष दिनाचा, आणि 12 फेब्रुवारीला लिंकन जयंती म्हणून शहराच्या सरकारी विद्यापीठाची, म्हणजे क्युनीची, कॉलेजं बंद असतात. काही वर्षी 18 तारीखच त्या तिसऱ्या सोमवारी येते. तेव्हा जयंतीच्या दिवशी जयंतीचा कार्यक्रम नाही, दार बंद. कॅलेंडर उघडूनच ठरवा.

मुक्काम हंटर कॉलेजला धरून करा. लॉर्ड 1959 मध्ये तिथून पदवीधर झाल्या, 1961 मध्ये कोलंबियातून ग्रंथपालनाची पदवी घेतली, काही वर्षं ग्रंथपाल होत्या आणि 1980 च्या दशकात हंटरमध्येच शिकवत होत्या. 68वा रस्ता आणि लेक्सिंग्टन अव्हेन्यू यांच्या कोपऱ्याला मे 2022 मध्ये त्यांचं नाव दिलं. स्टेशनचं नावच '68 स्ट्रीट–हंटर कॉलेज'. इथे फक्त 6 नंबरची लोकल थांबते. त्याच मार्गावरच्या 4 आणि 5 जलद गाड्या 59 वरून सुटल्या की थेट 86 ला थांबतात. चढलात तर उलटं या.

न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला नातेवाईकांकडे उतरलेल्या मराठी मंडळींसाठी: रेल्वेने पेन स्टेशन, तिथून 1 नंबरची गाडी शेवटच्या साऊथ फेरी स्टेशनापर्यंत. सकाळी आधी लॉर्ड यांचं घर उरकायचं, कॉलेज दुपारी. कॉलेजांत साधारण एक-दोनच्या सुमाराला वर्ग रिकामे ठेवून कार्यक्रम कोंबतात, त्यामुळे हाच क्रम जमतो. सबवेचं भाडं जानेवारी 2026 पासून 3 डॉलर आहे. मेट्रोकार्डची विक्री 2025 अखेर बंद झाली, तेव्हा काकांच्या ड्रॉवरमधल्या जुन्या कार्डाच्या भरवशावर राहू नका. बँकेचं टॅप होणारं कार्ड चालतं. एकाच कार्डाने बरोबरच्यांचं भाडंही भरता येतं, मात्र दर वेळी तेच वापरायचं.

आता मुख्य राग. स्टेटन आयलंडची बोट फुकट आहे. पूर्ण फुकट, 1997 पासून. तिकीट खिडकी नाही, क्यूआर कोड नाही, 'आज गर्दी आहे म्हणून आधी बुकिंग' असला प्रकार नाही. तरीही बॅटरी पार्क ते व्हाइटहॉल टर्मिनल या पाच मिनिटांच्या रस्त्यावर जॅकेटं घातलेली, गळ्यात ओळखपत्र लटकवलेली माणसं अडवतात, 'फेरी? धिस वे' म्हणतात आणि डॉलर मागतात. विकत असतात ती खाजगी बोटीची बंदरातली चक्कर. ती कुठेही उतरवत नाही, घर पाहायला जाणाऱ्याच्या काहीच उपयोगाची नाही. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या बेटावर उतरवणारी बोट आणखी तिसरीच, तिला खरंच तिकीट लागतं, आणि या तिन्हींचा घोळ करूनच यांचा धंदा चालतो. ओळखपत्र पाहून विश्वास बसतो, हीच मेख आहे. उपाय: 1 नंबरच्या गाडीतून उतरल्यावर रस्त्यावर रेंगाळू नका, समोरच्या मोठ्या काचेच्या टर्मिनलमध्ये सरळ घुसा, जिना चढून वरच्या दालनात थांबा, दार उघडलं की बोटीत. कोणाशी एक शब्द बोलायची गरज नाही. मराठी माणूस 'नो थँक यू' म्हणत थांबतो, आणि थांबला की गेला.

बोट 25 मिनिटं घेते, चोवीस तास चालते, सकाळच्या गर्दीत 15 ते 20 मिनिटांनी आणि एरवी अर्ध्या तासाने. सकाळची गर्दी उलट दिशेची असते, त्यामुळे जाणारी बोट रिकामी. पुतळा उजव्या हाताला येतो. पलीकडे सेंट जॉर्जला सगळ्यांना उतरावंच लागतं.

आणि मग तो चढ. सेंट जॉर्ज ते 207, सेंट पॉल्स अव्हेन्यू हे अंतर सुमारे दोन किलोमीटर. कागदावर 25-30 मिनिटं. फेब्रुवारीत बंदरावरचा वारा तोंडावर, फुटपाथवर आदल्या दिवशीचा वितळून पुन्हा गोठलेला बर्फ, आणि बे स्ट्रीट सोडून डोंगराकडे वळलात की रस्ता अंगावर येतो. पर्वती चढणाऱ्याला यात काही विशेष नाही. विशेष आहे ते काळ्या काचेसारख्या बर्फाचं, जो दिसत नाही. गुळगुळीत तळव्याचे बूट घालून जाणं हा मूर्खपणा. खाचांचा रबरी तळवा, कानाला टोपी, हातमोजे, एवढं हवंच. स्टेटन आयलंड रेल्वेने एक स्टेशन पुढे टॉम्पकिन्सव्हिलला जायचा मोह होईल. त्याने एकच स्टेशन वाचतं, चढ तसाच राहतो. चाला.

नकाशात घराऐवजी सेंट पॉल्स मेमोरियल चर्चचा पत्ता टाका, 225, सेंट पॉल्स अव्हेन्यू. दगडी चर्च लांबून ओळखू येतं, घर त्याच्या अलीकडे, याच ओळीत. लॉर्ड इथे 1972 ते 1987 राहिल्या, जोडीदार फ्रान्सिस क्लेटन आणि दोन मुलांसह. कर्करोगाशी झुंजण्याची वर्षं, कविता, गाजलेले निबंध, सगळं याच काळातलं. जून 2019 मध्ये शहराने घराला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. त्या दर्जाने बाहेरचं रूप जपलं जातं, आत जायचा हक्क मिळत नाही. समोरच्या फुटपाथवरून बघा, पायऱ्या चढू नका, बेल वाजवू नका, खिडकीकडे कॅमेरा रोखू नका. दहा मिनिटं पुरतात. एवढ्यासाठी हा चढ चढायचा का? बर्फ असेल तर नाही. कोरडा दिवस असेल आणि साडेआठची बोट मिळाली असेल तर हो. अकराच्या आसपास परत व्हाइटहॉलला पोचता. बोलिंग ग्रीनहून 4 किंवा 5, ग्रँड सेंट्रलला समोरच्याच फलाटावर 6 नंबर, बाराच्या आत हंटर.

हंटरच्या दारात दुसरा अडथळा. कार्यक्रम 'सर्वांसाठी खुला' लिहिलेला असतो, इमारत खुली नसते. पश्चिमेच्या इमारतीसमोर टोनी स्मिथ यांचं काळं पोलादी शिल्प आहे, तिथूनच आत जाऊन पाहुण्यांच्या टेबलावर नाव सांगावं लागतं. आधी ऑनलाइन नोंदणी हवी, आणि नोंदणीतलं नाव फोटो ओळखपत्राशी जुळायला हवं. भारतातून आलेल्यांनी मूळ पासपोर्ट बाळगा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. नवऱ्याच्या नावाने दोघांची नोंदणी केली तर बायको दारात अडकते. प्रत्येकाची वेगळी करा. इमारती लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या पुलांनी जोडलेल्या आहेत, तिसऱ्या मजल्यावरचा पूल बहुतेकांना सोयीचा. सरकते जिने बंद पडणं ही तिथल्या विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार, तेव्हा 20 मिनिटं आधी पोचा.

कोणता कार्यक्रम निवडायचा? कार्यक्रमपत्रिकेत कवितावाचन नसेल तर जाऊ नका. 'मालकाच्या हत्यारांनी मालकाचं घर कधीच पाडता येणार नाही' हे लॉर्ड यांचं वाक्य पोस्टरवर मोठ्या अक्षरात, आणि खाली पाच वक्त्यांचं चर्चासत्र, असे कार्यक्रम पुष्कळ. गंमत म्हणजे ते वाक्य 1979 च्या न्यूयॉर्कमधल्या एका परिषदेतलं आहे, आणि त्या भाषणात लॉर्ड यांनी आयोजकांनाच फैलावर घेतलं होतं: काळ्या स्त्रिया नावापुरत्या आणि त्याही आयत्या वेळी का बोलावता म्हणून. तेच वाक्य आज आयोजक स्वतःच्या कौतुकाला लावतात. आपल्याकडे 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतात आणि 1854 च्या 'काव्यफुले'तली एक ओळही कोणी वाचत नाही, तोच हा प्रकार.

त्यामानाने 'रीड-इन' सरस. काळ्या लेखकांचं साहित्य सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायचं, ही प्रथा इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेतल्या काळ्या सदस्यांच्या गटाने 1990 मध्ये सुरू केली. श्रोतेही वाचू शकतात. यादी दारातच भरते, म्हणून आल्याआल्या नाव लिहा. वेळ तीन ते पाच मिनिटं, आणि ती पाळतात.

काय वाचायचं ते घरून ठरवून, छापून न्या. तळघरातल्या सभागृहात फोनला रेंज नसते. लॉर्ड यांची 'अ लिटनी फॉर सर्व्हायव्हल' ही कविता नको. चांगली आहे म्हणूनच नको, आधीच तिघं तीच घेऊन आलेले असतात. 'पॉवर' ही 1973 मध्ये क्वीन्समध्ये पोलिसाच्या गोळीने गेलेल्या 10 वर्षांच्या क्लिफर्ड ग्लोव्हरबद्दल आहे. पोलीस निर्दोष सुटला होता. ही वाचायची तर एका वाक्यात संदर्भ द्या आणि घरी मोठ्याने तीनदा वाचून जा, मध्येच आवाज अडकतो. सगळ्यात सोयीची 'कोल' (म्हणजे कोळसा), दीड-दोन मिनिटांची.

मराठी अनुवाद वाचायला लोक खुशीने हो म्हणतात, पण मूळ आणि अनुवाद मिळून वेळ दुप्पट होतो, हे धरून कविता निवडा. 'कोल'चा अनुवाद पहिल्या ओळीलाच अडतो. तिथे एकटा 'आय' आहे आणि पुढे 'अॅम' नाही, 'इज' आहे. इंग्रजीत ते कानाला खटकतं, खटकावं म्हणूनच लिहिलंय. मराठीत 'मी आहे' आणि 'तो आहे', क्रियापद एकच, त्यामुळे ठेच लागतच नाही. 'मी म्हणजे' असं तोडून पुढची ओळ सुरू केली तर थोडं साधतं. आणि 'कृष्णवर्णीय' लिहू नका. तो वर्तमानपत्राचा सोवळ्यातला शब्द आहे. कविता काळेपणा मिरवते, 'काळी' म्हणा.

कार्यक्रम तीनला संपला आणि पायांत जीव उरला असेल तर हार्लेम: 6 ने ग्रँड सेंट्रल, शटलने टाइम्स स्क्वेअर, तिथून 2 किंवा 3 नंबरने 135 स्ट्रीट. पाऊण तास धरा. स्टेशनच्या तोंडाशीच शॉम्बर्ग सेंटर, काळ्यांच्या इतिहासाचं संशोधन-ग्रंथालय. लहानग्या ऑड्रेला पुस्तकांची गोडी लागली ती 135व्या रस्त्यावरच्या जुन्या ग्रंथालयात, मुलांच्या ग्रंथपाल ऑगस्टा बेकर बाईंमुळे. प्रवेश फुकट. 18 फेब्रुवारीला साडेपाचला सूर्य मावळतो, त्याआधी बाहेरचे फोटो काढा. सकाळी चढ केला असेल तर हार्लेम दुसऱ्या दिवसावर टाका. तिन्ही एका दिवसात होतात, पण तिसऱ्या ठिकाणी डोकं चालत नाही.

हस्तलिखितं बघायची असतील तर न्यूयॉर्क हे चुकीचं शहर आहे. लॉर्ड यांची कागदपत्रं अटलांटाला, स्पेलमन कॉलेजच्या अभिलेखागारात आहेत. विमानतळावरून मार्टा या तिथल्या शहर रेल्वेच्या लाल किंवा सोनेरी मार्गाने पाचवं स्टेशन वेस्ट एंड, भाडं अडीच डॉलर, पुढे 15-20 मिनिटं चालत. कॉलेजला फाटक आहे, आधी वेळ ठरवल्याशिवाय कागदांपर्यंत पोचता येत नाही. भेटीची वेळ लेखी पक्की झाल्याची मेल हातात येईपर्यंत अटलांटाचं विमान बुक करू नका.