मामाचा हापूस आणि कलमं शोधणारी माणसं

"पैशे खंय गेले गो?" मामाने देवगडहून फोन करून विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. मार्च संपत आला होता. मामाचा हापूस पुण्यात विकायला मी गूगल अ‍ॅड्स, म्हणजे गूगलच्या शोधात दिसणाऱ्या जाहिराती, लावल्या होत्या. त्यांवर आठ दिवसांत सहा हजार रुपये गेले आणि पेट्या विकल्या गेल्या चार. त्यातली एक आमच्याच सोसायटीतल्या काकूंनी घेतली, जाहिरात न बघता.

कीवर्ड, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दिसावी ते शब्द, मामाच्या सांगण्यावरून टाकलेले: आंबा, हापूस, मँगो. तिन्ही ब्रॉड मॅचवर, म्हणजे संबंधित वाटेल त्या कुठल्याही शोधावर जाहिरात दिसणार, कारण मी तो पर्याय बदललाच नव्हता. मी दिवसा हिशेब लिहिते, जाहिरातीतलं मला काय कळतंय!

त्या रात्री पहिल्यांदा सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडला. आपण टाकलेला कीवर्ड वेगळा आणि माणसाने प्रत्यक्ष टाइप केलेले शब्द वेगळे, हे त्यात दिसतं. हापूसची कलमं. आमरसाची कृती. मँगो ब्रँडचे ड्रेस. वाशी मार्केटचा आजचा भाव. कलमं शोधणाऱ्यांनी तर रांग लावली होती. त्यांना नर्सरी हवी होती, आणि त्यांच्या प्रत्येक क्लिकचे पैसे मामा भरत होता.

मग 'कलम' निगेटिव्हमध्ये, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत, टाकलं आणि निवांत झोपले. दोन दिवसांनी बघते तर कलमवाले हजरच. निगेटिव्ह कीवर्ड फार शब्दशः चालतो. 'कलम' अडवलं म्हणून 'कलमं' अडत नाही, 'रोप' अडत नाही आणि रोमन लिपीतलं कलम तर नाहीच नाही. आपली माणसं मराठी शब्द निम्म्या वेळा रोमन अक्षरांतच टाइप करतात. हापूसचीच चार स्पेलिंगं मला सापडली. कलमाची सगळी रूपं एकेक करून निगेटिव्हमध्ये घातली, तेव्हा कुठे गर्दी हटली.

एक चूक मात्र महागात पडली. जोशात मी 'भाव'सुद्धा अडवला. व्यापारी गेले, पण ऑर्डरीही थांबल्या. पुण्यातला माणूस पेटीचा भाव विचारल्याशिवाय आंबा घेतो का कधी? मी तरी घेत नाही. 'भाव' परत सुरू केला, 'वाशी' आणि 'मार्केट' तेवढे अडवले.

आता राहिला क्वालिटी स्कोअर, म्हणजे गूगल प्रत्येक कीवर्डला देतं ते गुण. तो 1 ते 10 असतो आणि तीन गोष्टींवरून ठरतो: क्लिक होण्याची शक्यता, जाहिरात शोधाशी किती जुळते आणि क्लिकनंतर उघडणारं पान. 'देवगड हापूस पुणे' या आमच्या सगळ्यात कामाच्या कीवर्डचा स्कोअर 3 होता. असणारच! जाहिरातीत लिहिलं होतं 'कोकणचा अस्सल मेवा घरपोच' आणि क्लिक केल्यावर आधी कोकम, मग काजू, आंबा तिसऱ्या नंबरला. देवगड हे नाव कुठेच नाही.

सगळं एका टोपलीत ठेवणं बंद केलं. हापूसचा वेगळा अ‍ॅड ग्रुप (कीवर्ड आणि जाहिरातींचा गट), त्यात फ्रेज मॅचचे, म्हणजे शोधात त्या शब्दांचा अर्थ असेल तरच चालणारे, मोजके कीवर्ड, जाहिरातीच्या शीर्षकातच देवगड आणि पुणे. हापूससाठी वेगळं पान, त्यावर सगळ्यात वर पाच डझनांच्या पेटीचा भाव आणि कुठल्या वारी कुठल्या भागात पोचेल ते. कोकम-काजूची जाहिरात सरळ बंद. मामा दोन दिवस रुसला होता. स्कोअर 7 वर आला आणि क्लिक स्वस्त झाला.

(लोकेशनचं एक सेटिंगही बघा. पुणे निवडलं तरी पुण्यात फक्त 'रस' असलेल्या बाहेरगावच्या माणसांनाही जाहिरात दिसते. आम्हाला नागपूरहून फोन आला तेव्हा मला ते कळलं.)

आता दर रविवारी मी सर्च टर्म्सची यादी मामाला फोनवर वाचून दाखवते आणि काय अडवायचं ते तो सांगतो. गेल्या रविवारी 'खरा देवगड हापूस कसा ओळखायचा' असा शोध निघाला. विकत घेणारा नव्हे, नुसता विचारणारा, म्हणून मी अडवणार होते. मामा म्हणाला, "ह्यां ऱ्हवांदे." आणि देठाजवळचा वास, साल, आकार असं वीस मिनिटं सांगत बसला. मी ते उतरवून घेतलंय. त्याचं पान बनवते आहे, तोवर त्या क्लिकचे पैसे भरतोय.