'पिऊन आलाय' असं लिहून द्या

पहाटे पावणेपाचला ओएचसीच्या ब्रदरचा फोन आला. ओएचसी म्हणजे कारखान्यातला दवाखाना. रात्री तिथं ब्रदर एकटाच असतो. "मॅडम, डिस्पॅचचा फोर्कलिफ्टवाला आणलाय. गाडी रॅकवर घातली. कुणाला लागलं नाही, पण सुपरवायझर म्हणतात पिऊन आलाय, तसं लिहून द्या."

चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मेडिकल ऑफिसर आहे. राहते जवळच, म्हणून लगेच निघाले. पोचेपर्यंत सिक्युरिटीने त्याला मशीनमध्ये फुंकायला लावलं होतं. आकडा शून्य. मी समोर पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा शून्य. सुपरवायझरचा चेहरा पडला. "मग गोळी-बिळी खाल्ली असेल," तो म्हणाला. भरलेली बिन घेऊन गाडी रॅकच्या खांबात घुसली होती आणि खांबापासून दोन हातांवर एक ट्रेनी पोरगा चलन लिहीत उभा होता. सुपरवायझर घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला आधी दोषी सापडावा लागतो.

फोर्कलिफ्टवाला तिशीतला, लातूरकडचा. बीपी, साखर, बाहुल्या, चाल, सगळं ठीक. मी विचारलं, "डोळा लागला होता का?"

"न्हाई मॅडम. डोळे उघडेच होते. खांब दिसलाच न्हाई."

मला ते खरं वाटलं, कारण असं होतं. खूप जागलेला मेंदू काही सेकंदांपुरता झोपून घेतो आणि त्या वेळी डोळे उघडे असू शकतात. माणसाला स्वतःला पत्ताही लागत नाही. ताशी दहा किलोमीटरने चालणारी फोर्कलिफ्ट तीन सेकंदांत आठ मीटरच्या वर जाते.

मग मी पाळ्यांचं विचारत गेले. आदल्या दिवशी सकाळी सातला उठला, पोरीला शाळेत सोडलं, गॅसचा नंबर लावला, तीनला सेकंड शिफ्टला आला. रात्री साडेअकराला रिलिव्हर आला नाही, म्हणून डबल मारली, पुढची थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळीही त्यानेच धरली. म्हणजे धडक झाली तेव्हा तो एकवीस तासांच्या वर जागा होता. त्यातही पहाटेचे चार-साडेचार, जेव्हा शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं आणि भल्याभल्यांच्या माना पडतात. बरं, आधीचा आठवडा थर्डचा. घर मोशीत, पत्र्याची खोली, एप्रिल महिना, खाली वेल्डिंगचं दुकान. दिवसा झोप किती? "तीन-चार तास. कधी तेबी न्हाई."

तिथल्या तिथे मी कागदावर लिहिलं: मद्याचा अंश नाही, दीर्घ जागरण, आज घरी सोडावे, स्वतःची मोटारसायकल चालवू देऊ नये. शेवटचं वाक्य वाचून सुपरवायझर म्हणाला, "मग कंपनीची गाडी द्यायची का याला?" द्यायलाच लावली.

दहा वाजता प्लँट हेडच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. एचआरचा माणूस आधीच बसलेला. साहेबांना माझ्याकडून एका ओळीचं पत्र हवं होतं: हा माणूस फोर्कलिफ्ट चालवायला अनफिट आहे. मी म्हटलं, देते, पण मग कारणही लिहीन आणि कारणात तुमचा रोस्टर, पाळ्यांचा तक्ता येईल. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संशोधकांनी २००० साली दाखवलं होतं की सलग सतरा ते एकोणीस तास जागलेल्या माणसाची कामगिरी काही चाचण्यांत रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहूनही वाईट असते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. पिऊन आलेल्याला गेटवरून परत पाठवता, आणि त्याहून वाईट अवस्थेतल्या माणसाला तुम्हीच थांबवून घेता. फॅक्टरी कायदा १९४८ चा, तेव्हा तो दिवसाला नऊ तास सांगायचा. डबल कागदावर कुठे दिसते ते एचआरला विचारा, असंही मी बोलून गेले. एचआरवाल्याने पाण्याचा ग्लास उचलला. डबलचे तास पुढच्या दिवसांत वाटून टाकतात, हे केबिनमधल्या तिघांनाही माहीत होतं.

"मॅडम, मी वीस वर्षं चार तास झोपतो," साहेब म्हणाले. "काय झालं मला?"

काय झालं ते माझ्या फाइलमध्ये होतं. बीपीच्या तीन गोळ्या चालू, तरी वरचा आकडा खाली येत नव्हता, जाड मान, आणि सकाळी डोकं जड असल्याची तक्रार. त्यांचा ड्रायव्हर मला एकदा हसत म्हणाला होता, "साहेब बसले की भोसरी यायच्या आत घोरायला लागतात." एपवर्थची प्रश्नावली मी बॅगेत ठेवते. आठ प्रश्न: टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर, जेवून निवांत बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती. एकूण २४ गुण. दहाच्या वर गेलं की दिवसाची झोप जास्त समजायची. फोर्कलिफ्टवाल्याचे त्या सकाळी अकरा गुण आले होते. साहेबांनी माझं समाधान करायला म्हणून भरली. सोळा.

पुढचं त्यांनी स्वतःच साऱ्या कंपनीला सांगितलंय, म्हणून लिहिते. घरीच स्लीप स्टडी झाली. झोपेत तासाला ३८ वेळा श्वास अडत होता. तीसच्या वर आम्ही तीव्र म्हणतो. सीपॅप मशीन सुरू झालं, ते झोपेत मास्कमधून हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. पहिले काही दिवस मास्कवर वैतागले, नंतर बायकोनेच काढू दिला नाही.

रोस्टरच्या बाबतीत मात्र त्यांना पटवायला आरोग्य कामाला आलं नाही. आमच्याकडे क्रम थर्ड, मग सेकंड, मग फर्स्ट, असा उलटा होता. दर आठवड्याला माणसाने आधीपेक्षा लवकर झोपायचं. अंगातलं घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. अमेरिकेतल्या यूटा राज्यात खनिजांच्या एका कारखान्यात हा क्रम सुलट करून प्रत्येक पाळी तीन आठवड्यांची केली. १९८२ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात कामगार खूश झाले आणि उत्पादनही वाढलं. साहेबांनी फक्त शेवटचे तीन शब्द ऐकले. डिस्पॅच आणि प्रेस शॉपमध्ये गुरुवारच्या सुट्टीनंतर फर्स्ट-सेकंड-थर्ड असा क्रम लागला, आणि फोर्कलिफ्ट व प्रेसवर डबल बंद. महिनाअखेरीला पॅकिंगमध्ये डबल अजून चालते. तिथं माझं काही चाललं नाही.

महिन्याभराने फोर्कलिफ्टवाला दवाखान्यात आला. आभार मानायला आला असेल असं वाटलं. तो भांडायला आला होता.

"तुमच्यामुळं डबल गेली मॅडम. बहिणीच्या लग्नाचं कर्ज हाय, हप्ता त्यातनंच जायचा." फर्स्ट सुटली की आता तो संध्याकाळी मेव्हण्याचा टेम्पो चालवतो, कधी रात्री अकरापर्यंत. मी झोपेचं विचारलं तर म्हणाला, "तुमी रेट वाढवून द्या, मी आठ तास झोपतो."

एचआरकडे मी फोर्कलिफ्टच्या स्किल अलाउन्ससाठी नोट दिली आहे. डॉक्टरने पगाराबद्दल लिहू नये, असा निरोप तोंडी आला. लेखी द्या म्हटलं, ते अजून आलेलं नाही. त्याच्या फाइलमध्ये मी टेम्पोचं लिहून ठेवलंय, आणि थर्डच्या आठवड्यात टेम्पोला हात लावायचा नाही एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. पाळतो की नाही, ते मेव्हण्यालाच विचारावं लागेल.