कारणाचा रकाना

रविवार, 2 मार्च 2025

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसलोय. मीराला वाटतंय ऑफिसचं काहीतरी आहे. वाटू दे.

शुक्रवारी सेन्सेक्स 1,414 अंकांनी आपटला. झोप त्याने उडालेली नाही. निफ्टी सलग पाचवा महिना खाली बंद झाला, असं 1996 नंतर पहिल्यांदाच घडलंय, हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की आता ते माझ्याच घरावर आलेलं संकट वाटायला लागलंय. सप्टेंबरात बाजार शिखरावर होता, तेव्हाचा माझ्या खात्याचा स्क्रीनशॉट अजून फोनमध्ये आहे. त्यातून आजचा आकडा वजा केला तर एक बऱ्यापैकी गाडी येते. मीराला हे माहीत नाही. पण झोप त्यानेही उडालेली नाही.

अण्णा जे बोलले त्याने उडाली आहे.

सकाळी मुलुंडला गेलो होतो. काकूंची औषधं पोचवायची होती, ते निमित्त. खरं म्हणजे मला अण्णांच्या तोंडून ऐकायचं होतं की असं होतच असतं, आम्ही याहून वाईट पाहिलंय, घाबरू नकोस. या माणसाने 1992 पाहिलं, 2000 पाहिलं, जानेवारी 2008 मध्ये एकवीस हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरात आठ हजारांच्या खाली आलेला पाहिला. करोनात, 23 मार्चला, एका दिवसात 3,934 अंक गेले तेव्हा मी फोन केला होता, तर म्हणाले होते, "इकडे दूध मिळत नाहीये, तुझ्याकडे मिळतंय का?" तेव्हा कसं बरं वाटलं होतं. तेवढंच हवं होतं आज. देवळात जाताना देवाने काय बोलावं हे आपणच ठरवून निघतो, तसा मी निघालो होतो.

अण्णा खिडकीशी बसून सुपारी कातरत होते. मी सांगत सुटलो. हा चाळीस टक्के खाली, तो पस्तीस, तिसऱ्याचा तर निकालही चांगला होता तरी पडला. त्यांनी वर बघितलं नाही. अडकित्त्याचा आवाज तेवढा चालू. मग मी म्हटलं, "संदीप बघा ना, बरोबर सप्टेंबरात सगळं विकून मोकळा झाला."

अडकित्ता थांबला.

"तुला पैसे गेल्याचं दुःख नाहीये रे," अण्णा म्हणाले. "संदीपचे गेले नाहीत, त्याचं आहे."

आणि पुन्हा कातरायला लागले. वर, "चहा टाकायला सांगू?"

चहा घेतला. काय करणार.

परतीच्या लोकलमध्ये मी उत्तरं तयार करत होतो. एकाहून एक. पहिलं म्हणजे तुम्हाला काय जातंय बोलायला. तुम्ही बाजारात उतरलात 1978 साली. सरकारने परकीय चलनाच्या फेरा कायद्याखाली परदेशी कंपन्यांना हिस्सा कमी करायला लावला होता. कोका-कोला आणि आयबीएम गाशा गुंडाळून गेल्या, पण राहिलेल्यांपैकी बऱ्याच जणींनी 40 टक्क्यांवर येऊन उरलेले शेअर लोकांना दिले, आणि कुठल्या भावाने द्यायचे ते दिल्लीतला कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज ठरवायचा. म्हणजे जवळजवळ फुकट. त्यावर पुढे बोनसवर बोनस. असं ताट कुणी माझ्यापुढे वाढलं होतं? मला वाढलं ते सप्टेंबर 2024 चं उष्टं.

गंमत म्हणजे हे अण्णा स्वतःच सांगतात, माझ्यापेक्षा वाईट शब्दांत. "त्यात माझी अक्कल कवडीची नाही. रांगेत उभं राहण्याइतके पाय धड होते." भांडायला गेलं की समोरचा आधीच कबूल करून बसलेला. अशा माणसाशी भांडताही येत नाही.

पण ते वाक्य.

मी मत्सरी नाही. म्हणजे असा माझा समज आहे. संदीपला बढती मिळाली तेव्हा पेढे मीच वाटले होते. त्याच्या मुलीचा निकाल लागला तेव्हाही, बरं, तेव्हा थोडंसं झालं होतं. पण शेअरचं तसं नाही. शेअरच्या बाबतीत मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. संदीपने बाजार ओळखून विकले असते तर मी मान खाली घालून मानलं असतं. त्याने विकले कारण फ्लॅटच्या बुकिंगचे पैसे भरायचे होते! बिल्डरने तारीख दिली म्हणून हा वाचला. ऑक्टोबरची तारीख दिली असती तर आज माझ्याशेजारी बसून रडत असता. आणि आता लोक त्याला विचारतात, कधी शिरायचं परत. तोही सांगतो! "अजून थोडं खाली येऊ दे." परवा हे त्याने मला सांगितलं. मला.

वरचा परिच्छेद वाचून बघितला. पैसे गेल्याबद्दल दोन ओळी आहेत, संदीपबद्दल अर्धं पान.

अण्णांनी सकाळी साडेदहाला जे सांगितलं, ते मी रात्री पाऊण वाजता लेखी दिलंय.

अजून एक आठवलं आणि हसूच आलं. वॉरन बफेंचे भागीदार, अमेरिकन गुंतवणूकदार चार्ली मंगर गेले तेव्हा, 2023 च्या नोव्हेंबरात, शंभरीला जेमतेम महिना उरला असताना, मी घरच्या ग्रुपवर त्यांच्याविषयी लांबलचक लिहिलं होतं. मोठा आव आणून. त्यांच्या स्वतःच्या फंडाने 1973 आणि 1974 अशी लागोपाठ दोन वर्षं दर वर्षी तीस टक्क्यांहून जास्त गमावले तरी गडी डगमगला नाही. निम्म्याने पडलेला भाव थंड डोक्याने बघता येत नसेल त्याने शेअरच्या वाटेला जाऊ नये, असं ते म्हणायचे. आणि हे लिहिताना आत्ता कान गरम झालेत: सगळ्या पापांत मत्सर हे सगळ्यात मूर्ख पाप, कारण त्यात मजा अशी काही नाहीच, हेही त्यांचंच. ते मी ठळक करून टाकलं होतं. संदीपने खाली अंगठा दाखवला होता. अण्णांनी त्या दिवशीही नेहमीप्रमाणे फक्त गणपतीचा फोटो पाठवला.

चढत्या बाजारात बसून थंड डोकं ठेवायला काय लागतं!

बाबांनी आयुष्यात एक शेअर घेतला नाही. पोस्ट आणि एफडी. अण्णा त्यांना हसायचे, आणि बाबा अण्णांना. बाबा असते तर आज मी कुणाकडे गेलो असतो, असं लोकलमध्ये एकदा वाटून गेलं. जाऊ दे.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली नाही, टाळली.

चहा झाल्यावर अण्णांनी कपाटातून वही काढायला लावली. लाल कापडी बांधणीची, लांबट, कोपरे झिजलेली. लहानपणी आम्हाला तिला हात लावायची बंदी होती. शेअर सर्टिफिकेटांचा गठ्ठा आणि ही वही. सर्टिफिकेटं डीमॅटच्या वेळी गेली, वही राहिली. रकाने पाच. तारीख, कंपनी, नग, भाव, आणि शेवटचा, सगळ्यात रुंद: "का".

1978, टूथपेस्टची कंपनी. का: "चाळीच्या नळावर सकाळी बारा जण. नऊ जणांच्या ब्रशवर हीच."

पुढे एक रंगाची. का: "दिवाळीत दुकानदार न विचारता हाच डबा काढतो."

एक बेअरिंगची. का: "बंडूच्या कारखान्यात दुसरं लावलं तर फोरमन शिव्या घालतो."

एका ओळीत सगळं. मी वाचत होतो आणि अण्णा म्हणाले, "तुझ्या त्या पडलेल्यातला कुठलाही एक सांग. का घेतलास?"

मी एक नाव घेतलं. मग म्हटलं, त्या क्षेत्राला पुढे चांगले दिवस आहेत, सरकारचा खर्च वाढतोय, ऑर्डर बुक भक्कम आहे. अण्णा म्हणाले, "हे घ्यायच्या आधी माहीत होतं की घेतल्यावर वाचलंस?"

मी गप्प. घेतल्यावर वाचलं होतं. घेतला होता तो संदीपने घेतला म्हणून, आणि तोही त्याला दुप्पट झाल्यावर. वरातीमागून घोडं.

हे झोंबलं म्हणून असेल, मी वहीची पानं भराभर उलटायला लागलो. त्यांचंही काहीतरी सापडावं म्हणून. हो, त्यासाठीच. आणि सापडलं. 1992 चं पान. फेब्रुवारी ते एप्रिल, तीन महिन्यांत अकरा नोंदी, एरवी वर्षाला तीन-चार असायच्या. पहिल्या नोंदीपुढे "का"च्या रकान्यात दोनच शब्द: "भाव वाढतोय." त्याखाली दहाही ओळींत नुसती वरीलप्रमाणेची खूण. दोन छोट्या रेघा, दहा वेळा. शाई तीच, अक्षर तेच, पण रेघा हळूहळू तिरक्या होत गेलेल्या, घाईत मारल्यासारख्या. शेवटची नोंद 22 एप्रिल. त्या दिवशी सेन्सेक्स 4,467 वर होता. सहाच दिवसांनी, 28 तारखेला, एका दिवसात 570 अंक गेले. त्यावेळचे 570 म्हणजे जवळजवळ तेरा टक्के.

मी त्या पानावर थांबलो हे त्यांनी पाहिलं.

"शेजारच्या टेबलावर एक जण बसायचा," ते म्हणाले. "रोज डबा खाताना सांगायचा, आज किती झाले. आता नावसुद्धा आठवत नाही बघ."

बस. पुढे काही नाही. काकूंनी आतून विचारलं, जेवून जाणार का, आणि मी नाही म्हटलं.

यावर मला बरं वाटायला हवं होतं. अण्णांनाही झालं होतं, म्हणजे मी काही जगावेगळा नाही वगैरे. नाही वाटलं. उलट चडफडलो. हे आधी सांगायचं ना! आधी कानाखाली आणि मग मलम. पण अण्णांनी मलम म्हणून सांगितलंच नसावं. मी बोट ठेवलं होतं, त्यांनी तिथे काय आहे ते सांगितलं, एवढंच. त्यांना कुणाला बरं वाटायला लावण्याची हौस कधीच नव्हती. बाबांच्या वेळी हॉस्पिटलात सगळे "होईल, होईल" म्हणत होते आणि हे एकटेच मला बाजूला घेऊन म्हणाले होते, कागदपत्रं कुठे आहेत ते विचारून घे. त्याचाही राग आला होता.

दीड वाजला. मघाशी पाणी प्यायला उठलो तेव्हा सोनूची जुनी वही काढली, मागची पानं कोरी होती. पाच रकाने आखले. पट्टी सापडली नाही म्हणून एटीएम कार्डाने आखले. ते कार्ड याच कामाला बरं आहे सध्या. फोन समोर ठेवून एकेक शेअर उतरवत गेलो. एकूण चौदा. नियम एकच, खोटं लिहायचं नाही.

सहा ठिकाणी लिहिलं, "संदीप". सहाव्यांदा लिहिताना वरीलप्रमाणेची खूण करायचा मोह झाला, पण नाव पूर्ण लिहिलं. तीन ठिकाणी "व्हिडिओ". दोन ठिकाणी, म्युच्युअल फंडवाल्यांनी घेतले असं वाचून. एकाचं कारण "आयपीओत लागला" आणि एकाचं "नाव आवडलं". हे लिहिताना पेन जरा थांबलं, पण नियम म्हणजे नियम. एफ अँड ओ, म्हणजे पुढच्या भावावर लावायचे फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे, करत नाही, हे आजवरचं माझं एकमेव पुण्य. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या पाहणीत त्यात शंभरातले 93 तोट्यात निघाले. पण त्याला रकाना नाही.

राहिला चौदावा. हा कधी घेतला, कुणी सांगितला, काहीच आठवेना. ॲपमधली जुनी नोंद उघडून पाहिली. करोनाच्या वर्षातली, मे महिन्यातली एक दुपार. 40 शेअर. कंपनी काय करते हेही मला धड सांगता येणार नाही, पाइपसारखं काहीतरी असावं. नंतर कधी उघडून बघितलेला नाही, कारण संदीपकडे तो नव्हता.

चौदांपैकी तेवढा एकच हिरवा आहे. तिप्पट झालाय.

त्याच्यापुढचा रकाना कोरा ठेवलाय. अण्णांना हे सांगायचं नाही.