शिरोड्याचे मिठागर आणि मेरी क्यूरी

शिरोड्याच्या मिठागरात उन्हाने पाणी आटत जाते, तसे मीठ आधी तळाशी बसते आणि मॅग्नेशियमचे कडवट क्षार उरलेल्या पाण्यात राहतात. लहानपणी बांधावर उभी राहून पाहिलेली ही क्रिया मेरी क्यूरी यांच्याविषयी वाचताना मला नव्याने समजली.

१८९८ च्या जुलैत त्यांनी आणि पती पिएर यांनी पोलोनियमचा, तर डिसेंबरात रेडियमचा शोध जाहीर केला. पिचब्लेंड हे खनिज त्यातील युरेनियमच्या मानाने कितीतरी अधिक प्रारण देते, त्या अर्थी त्यात आणखी काही दडलेले असले पाहिजे, हा मेरी यांचा तर्क होता. परंतु ते द्रव्य प्रत्यक्ष हाती येणे बाकी होते. रेडियम बेरियमच्या क्षारात मिसळलेले असे. रेडियम क्लोराइड पाण्यात थोडे कमी विरघळत असल्यामुळे आधी बनणाऱ्या स्फटिकांत त्याचे प्रमाण किंचित वाढे. ते स्फटिक वेगळे काढायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा आटवायचे, असे पॅरिसमधील एका गळक्या शेडमध्ये त्या वर्षानुवर्षे करीत राहिल्या. टनांनी मोजावा लागणारा खनिजाचा चोथा उपसून १९०२ मध्ये हाती आले ते सुमारे ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराइड! १९०३ आणि १९११ च्या नोबेल पारितोषिकांपेक्षाही मला हा दशांश ग्रॅम मोठा वाटतो.

रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षे असल्याने रेडियमचा अंश लागलेल्या मेरी यांच्या त्या काळातील वह्या आजही किरणोत्सारी आहेत.