दोन चाकांचा रोबो, टप्पा ३: ड्रायव्हर, बोर्ड आणि कोड

मोटरी आधीच ठरल्या आहेत: १२ व्होल्ट, ३४:१ गिअर, मागे फेऱ्या मोजणारा, मोटरच्या एका फेरीला ११ पल्स देणारा हॉल एन्कोडर. आता त्या चालवायच्या कशानं, एवढंच उरलं होतं. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर बोर्ड बघण्याआधी स्टॉल करंट (चाक अडकल्यावर मोटर ओढते तो) काढावा. बाकीची निवड त्या एका आकड्यावरच ठरते.

त्यासाठी मोटरच्या टोकांना मीटर लावून मागची एन्कोडरची चकती बोटानं जराजरा फिरवायची आणि सात-आठ जागी रेझिस्टन्स बघायचा. ब्रश कॉम्युटेटरवर कुठे टेकलाय त्याप्रमाणे रीडिंग हलतं, म्हणून सगळ्यांत कमी आकडा धरायचा आणि त्यातून मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करायचा. या मोटरींना ५.६ ओहम आला. पूर्ण चार्ज झालेली तीन सेलची लिपो बॅटरी १२.६ व्होल्ट देते, म्हणजे चाक अडकलं की २.२५ अँपिअर. धावत्या चाकाची दिशा एकदम उलटवली तर बॅक ईएमएफची (फिरती मोटर स्वतः तयार करते त्या व्होल्टेजची) भर पडून हा करंट जवळपास दुपटीला जातो. कोडमध्ये रॅम्प (वेग हळूहळू बदलणं) हवाच, तो याचसाठी.

ड्रायव्हर म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारी चिप. त्यांत एल२९८एन सगळीकडे दिसतो, पण त्यातले ट्रान्झिस्टर बायपोलर आहेत. १ अँपिअरलाच सुमारे अडीच व्होल्ट आतल्या आत जातात आणि त्यांची नुसती उष्णता होते. डीआरव्ही८८३३ छान आहे, पण १०.८ व्होल्टपर्यंतच, म्हणजे दोन सेलच्या रोबोसाठी. टीबी६६१२एफएनजी १३.५ व्होल्टपर्यंत चालतो, मात्र एका चॅनेलला सलग १.२ अँपिअरच. म्हणून प्रत्येक मोटरला एक अख्खा बोर्ड दिला आणि त्याचे दोन्ही चॅनेल समांतर जोडले: एआयएन१ बीआयएन१ला, एआयएन२ बीआयएन२ला, पीडब्ल्यूएमए पीडब्ल्यूएमबीला, आउटपुटही तसेच जोडीनं. व्हीएमजवळ (मोटरच्या पुरवठ्याची पिन) ४७० मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टी कपॅसिटर, मोटरच्या टोकांवर १०० नॅनोफॅरड. टेबलावरच्या पॉवर सप्लायवर चाचणी घेताना ब्रेक जोरात लावू नये. मोटरनं परत ढकललेली ऊर्जा बॅटरी पिते, पण असे बहुतेक सप्लाय पीत नाहीत, आणि व्हीएम मर्यादेच्या वर चढतो.

कोड चालवणारा बोर्ड ईएसपी३२. एन्कोडरच्या ए आणि बी या दोन सिग्नलांचे (फेजचे) चढ-उतार मोजले की एका पल्सचे चार काउंट होतात, म्हणून चाकाच्या एका फेरीला ११ × ४ × ३४ = १४९६ काउंट पडतात. १३० आरपीएमला एका मोटरचे सेकंदाला सुमारे ३,२४०. आर्डुइनो नॅनोसुद्धा हे इंटरप्टवर (सिग्नल बदलताच हातातलं काम थांबवून मोजणं) निभावतो, फक्त बाह्य इंटरप्टच्या पिना दोनच असल्यानं ए फेजवरच मोजून निम्म्या काउंटवर भागवावं लागतं. हाताशी असेल तर जरूर वापरावा. ईएसपी३२मध्ये पल्स मोजणारं वेगळं हार्डवेअरच आहे, त्यामुळे मोजणीचा भार प्रोसेसरवर येत नाही. तो काउंटर १६ बिटी आहे, पूर्ण वेगात दहाएक सेकंदांत भरतो. ईएसपी३२एन्कोडर लायब्ररी तो हिशोब सांभाळते.

जोडणीत तीन ठिकाणी गाडी अडते. एन्कोडरला ५ व्होल्ट दिले तर त्याचे सिग्नलही बहुधा ५ व्होल्टचे येतात आणि ईएसपी३२च्या पिना ते सोसत नाहीत, ३.३ वर चालणारा एन्कोडर घ्या. ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप (पिन हायकडे ओढणारा रेझिस्टर) नाही, तिथे बाहेरून १० किलोओहम लागतो. आणि बूट होताना काही पिना आपोआप हलतात, चाकं झटका देतात. ड्रायव्हरच्या स्टँडबाय पिनला ग्राउंडकडे १० किलोओहम लावून कोड पूर्ण तयार झाल्यावरच ती पिन हाय केली की झटका बंद.

पीडब्ल्यूएम (वेग ठरवायला मोटरचा पुरवठा झपाट्यानं चालू-बंद करणं) २० किलोहर्ट्झ, १० बिट. शिट्टी ऐकू येत नाही. आर्डुइनोच्या ईएसपी३२ कोअर ३मध्ये ‘एलईडीसी सेटअप’ आणि ‘एलईडीसी अटॅच पिन’ ही फंक्शनं काढून टाकली आहेत, त्यामुळे जुनी उदाहरणं कंपाइल होत नाहीत. आता एकच ‘एलईडीसी अटॅच’.

वेगाचा लूप १० मिलिसेकंदांचा, पीआय: पी म्हणजे आत्ताच्या चुकीच्या प्रमाणात दुरुस्ती, आय म्हणजे साचलेल्या चुकीची. डी (चूक किती झपाट्यानं बदलते त्यावरची दुरुस्ती) मुद्दाम घेतलेला नाही. १० मिलिसेकंदांत एक काउंट म्हणजे ४ आरपीएम, त्यामुळे १० आरपीएमला रीडिंग ८ आणि १२मध्ये उड्या मारतं आणि डी त्या उड्या आणखी वाढवतो. पी वाढवत नेऊन चाक थरथरू लागलं की निम्मा करायचा, मग आय. ड्यूटी (पीडब्ल्यूएममधला चालू राहण्याचा वाटा) कमाल झाली की आयची बेरीज थांबवायची, नाहीतर अडकलेलं चाक सुटताच भलत्या वेगानं पळतं.

३४:१ हा आकडा तपासायचा राहिलाय: चाकावर खूण करून हातानं दहा फेऱ्या, काउंट १४,९६०च्या आसपास यायला हवा. त्यानंतर ३० आरपीएमच्या खाली काउंटऐवजी दोन पल्समधला वेळ मोजणं.