भूल नाही, मळणी मशीन

मी एमआरआय टेक्निशियन आहे, जिल्ह्याच्या गावी. आमच्याकडे पाच-सहा वर्षांखालचं पोर आलं की आधी भुलीच्या डॉक्टरांची वेळ बघतात, कारण वीस-पंचवीस मिनिटं डोकं न हलवता पडून राहणं मोठ्यांनाच जमत नाही. त्या दिवशी पाच वर्षांचा मुलगा होता, झटके येऊन गेलेले, पहाटेच्या एसटीने आलेले, पोरगं रात्रीपासून उपाशी. आणि भुलीच्या मॅडमनी तपासलं तर सर्दी-खोकला. अशात भूल दिली की श्वासाची वाट आवळू शकते, दोन आठवड्यांनी आणा म्हणाल्या. वडील म्हणे, "द्या की मॅडम थोडीशी, परत खाडा होतोय." थोडीशी भूल असं काही नसतं हो.

म्हटलं थांबा दादा, तसंच करून बघू. पहिलं काम म्हणजे त्याला खायला घातलं. भूल नाही तर उपाशी कशाला ठेवायचं? तो चहात बिस्किटं बुडवत होता तोवर मी मोबाईलवर मशीनचा आवाज लावला, आम्ही रेकॉर्ड करून ठेवलाय. तो ऐकून म्हणतो, "मळणीचं मशीन!" झालं, मग मळणीच. त्याचा चांदीचा करदोटा, ताईत काढला, आईलाही आत यायचं म्हणून मंगळसूत्र, बांगड्या, पदराची पिन सगळं काढलं, जोडवी निघेनात तर साबण लावला, त्यातच दहा मिनिटं गेली. कानात बोळे, वर हेडफोन, आई पायाशी पाय धरून उभी, डोक्याभोवती लावतात त्या पिंजऱ्याच्या, म्हणजे कॉइलच्या, आरशातून त्याला दिसत होती.

नेहमीचा क्रम मी सोडला. डिफ्यूजन नावाची मिनिटभराची फेरी आधी, मग झटक्याच्या केसला लागतातच ते मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे कोरोनल, म्हणजे चेहऱ्याला समांतर काप, बाकीचं नंतर, म्हणजे मध्येच उठला तरी कामाचं हाती असतं. प्रत्येक सिक्वेन्स, म्हणजे चित्रांची एकेक फेरी, संपला की माईकवर सांगायचो, एक पोतं भरलं, आता दुसरं. एका कोरोनलला खोकला आला आणि सगळं धूसर, ते परत घेतलं, पण एरवी पोरगं हललं नाही.

बाहेर कंबरेचा पेशंट वैतागलेला, सुपरवायझर सारखा डोकावतोय. खरी अडचण इथेच आहे. भुलीचं बिल लावता येतं, मळणी खेळण्यात गेलेल्या पाऊण तासाचं लावता येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त भूल देण्याबद्दल इशारा दिला होता, आमच्या एका छोट्या स्कॅनचा तो मुद्दा नाही, पण झटक्याच्या पोरांना पुन्हा पुन्हा यावं लागतं, मग प्रत्येक वेळी उपास, सुई, नंतरची गुंगी.

सगळ्यांना हे चालत नाही. तान्ह्या बाळांना दूध पाजून, गुंडाळून झोपेत उरकतो, पण त्याच दुपारी दीड वर्षाची मुलगी आली, तिला कुठली मळणी सांगणार, भूलच दिली.

साहेबांना म्हटलंय, चार वर्षांपुढच्या मुलांना सकाळचा पहिला स्लॉट डबल द्या. बघू म्हणालेत.